निदान एवढे तरी

दवाखान्यातून बाहेर पडताना बापाच्या कडेवर तीन वर्षांचा मुलगा असतो आणि हातात प्लास्टिकची फाइल. फाइलमधल्या कागदावर 'एफ ८४.०' हा संकेतांक आणि त्याखाली एकच ओळ: थेरपी सुरू करा. कुठे, कोणाकडे, किती दिवस, याचा पत्ता नाही. आई रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर 'ऑटिझम' शोधते आणि घर येईपर्यंत मुलाला 'पूर्ण बरे' करून देणाऱ्या चार जाहिराती तिच्यापुढे हजर झालेल्या असतात. कितीतरी घरांना निदानानंतर भेटणारा पहिला वाटाड्या हा असा दुकानदार असतो. धोक्याची घंटा वाजवायची ती यासाठी.

हे चार-दोन घरांपुरते दुखणे नाही. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार शंभरातल्या साधारण एका मुलात स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, आढळते. तरीही घरात पहिले काही महिने जातात ते वादात. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा बापही पाच वर्षांचा होईस्तोवर गप्पच होता', 'तू मोबाइल दिलास म्हणून'. शेवटचे वाक्य ऐकायला लागते ते आईलाच. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा सिद्धांत पाश्चात्त्य वैद्यकाने कधीच मोडीत काढला. आपल्या माजघरात तो अजून सुखेनैव नांदतो.

दुकानदाराचे फावते ते या काळात. आईवडील रात्र रात्र जागत असतात, दागिने मोडायला तयार असतात आणि 'पाच वर्षांच्या आत केले तर केले' हे वाक्य त्यांच्या मानेवर बसलेले असते. लवकर सुरुवात केलेली चांगली, हे खरेच. पण त्या घाईवर मूळपेशींची इंजेक्शने विकली जातात, प्राणवायूच्या बंद कोठडीतली सत्रे विकली जातात, शरीरातले 'विषारी धातू' काढून देण्याचे पॅकेज विकले जाते. या शेवटच्या प्रकारात २००५ साली अमेरिकेत एका लहान मुलाचा जीव गेला. मूळपेशींबाबत तर संदिग्धता उरलेलीच नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केले की स्वमग्नतेवर हा उपचार करू नये, आणि केल्यास तो व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. असे असताना जाहिराती राजरोस चालतात, त्या कोणाच्या आशीर्वादाने?

मग करायचे काय? याचे उत्तर सापडते ते गोव्यातच. तिथे आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर एक चाचणी झाली. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवले. आई-मुलाच्या खेळाचे चित्रीकरण करायचे आणि तेच आईला दाखवायचे: बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिले होते, तुमचे लक्ष नव्हते. जादू झाली नाही. पण आईवडील मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुले आपणहून त्यांच्याशी संवाद सुरू करू लागली.

हे घरात कसे दिसते? मुलाला बिस्कीट हवे असते तेव्हा तो आईचे मनगट धरून तिला फडताळाकडे ओढतो; तिच्या तोंडाकडे पाहत नाही. आई आता झाकण घट्ट लावलेली पारदर्शक बरणी त्याच्या हातात देते, समोर फरशीवर बसते आणि थांबते. दहा सेकंद. वीस सेकंद. तो बरणी तिच्या मांडीवर आपटतो आणि क्षणभर वर पाहतो. तेवढ्यात ती 'उघड' म्हणते आणि झाकण उघडते. दिवसातून पंधरा वेळा, महिनोन्महिने. थेरपी केंद्रातला पाऊण तास आवश्यक आहेच, पण तालुक्याहून एसटीने त्या पाऊण तासासाठी शहर गाठणाऱ्या आईला उरलेल्या दिवसाचे काय करायचे हे कोणी सांगायचे? अंगणवाडी सेविका आणि आशाताई घरोघरी जातातच. त्यांना हे शिकवता येईल. अर्थात वेगळे मानधन देऊन, आणखी एक फुकटचे काम म्हणून नव्हे.

सरकारदरबारी सोयी कागदावर कमी नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, त्यात थेरपीचाही काही खर्च येतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि पालक तिथेच अडतात: मुलावर शिक्का बसेल. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण प्रमाणपत्र कशासाठी, ते शाळेला दाखवणे बंधनकारक आहे का, एवढे सांगायला तरी कोणी माणूस हवा की नको? वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, हेही पालकांना कळते ते फसल्यावर.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. जिल्हा पातळीवरची 'शीघ्र हस्तक्षेप केंद्रे' त्याच्याच पोटातली. निदान झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, पालकांच्या संमतीने, आठ दिवसांत तिथे पोहोचावे आणि तिथून त्या घरी फोन जावा, ही आमची मागणी आहे. येत्या २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी, इमारतींवर निळे दिवे लागतील, मंत्र्यांचे संदेश येतील. त्याआधी आरोग्य खात्याने तीन रकान्यांचा एक जिल्हावार तक्ता जाहीर करावा. वाचा-उपचारतज्ज्ञांची मंजूर पदे किती, त्यातली भरलेली किती, आणि आज नाव नोंदवलेल्या मुलाला पहिली तारीख किती दिवसांनी मिळते.