गाड्या निघून गेल्यावर



आजचा विषय मोटारसायकलींचा आहे. माझ्यासारखी स्कूटीसुद्धा भीत भीत चालवणारी बाई मोटारसायकलींवर काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. पण सुरुवात चहाच्या पातेल्यापासून झाली, म्हणून लिहिते.

गेल्या 26 जुलैला, कारगिल विजय दिवसाला, आमच्या गावातल्या तरुणांनी मोटारसायकल रॅली काढली. साठेक गाड्या, पुढे तिरंगा, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. तालुक्यातल्या शहीद जवानांच्या घरी जायचं, कुटुंबाचा सत्कार करायचा आणि जमलेला निधी द्यायचा, असा बेत होता. आमच्या मागच्या गल्लीत अशाच एका जवानाच्या पत्नी राहतात. आम्ही सगळ्या त्यांना वहिनी म्हणतो. आदल्या संध्याकाळी त्या माझ्याकडचं मोठं पातेलं मागून घेऊन गेल्या. "साठ पोरं यायची आहेत, ताई. चहा तरी द्यायला नको का?"

दुसऱ्या दिवशी मीही बघायला गेले. रॅली दीड तास उशिरा आली. हॉर्न आणि सायलेन्सरच्या आवाजाने गल्लीतली कुत्री पळाली. शाल, नारळ, पाकीट, फोटो. एक मुलगा मोबाइल धरून म्हणाला, "काकू, जरा हसा ना." पुढच्या गावाला लोक थांबले होते, म्हणून दहा मिनिटांत सगळे निघूनही गेले. चहा कुणीच घेतला नाही. ओट्यावर पातेलं तसंच भरलेलं होतं, शेजारी पोह्यांचं घमेलं.

मी बसले. आम्ही दोघींनी चहा घेतला. मला वाटलं, वहिनी रागावल्या असतील. पण त्या म्हणाल्या, "राग नाही हो. पोरं चांगली आहेत. फक्त एकानं तरी ह्यांच्याबद्दल काही विचारायला हवं होतं. ह्यांनाही गाडीचं फार वेड. सुट्टीवर आले की आधी गाडी पुसायला घ्यायचे, मग चहा."

मी घरी येताना मनातल्या मनात त्या मुलांना बरंच काही बोलत होते. मग आठवलं, मी वहिनींच्या घरात यापूर्वी कधी बसले होते? त्यांच्या मुलाची दहावी झाली तेव्हा पेढे द्यायला त्याच आल्या होत्या. आमच्या घरापासून त्यांचं घर शंभर पावलं. आणि गाडीच्या वेडाचं मलाही त्या दिवशीच कळलं. मुलं निदान दहा मिनिटं तरी आली होती.

हे सगळं मी माझ्या भाचीला फोनवर सांगितलं. ती अमेरिकेत, इंडियाना राज्यात असते. ती म्हणाली, "मावशी, इथे तर हे फार मोठ्या प्रमाणावर चालतं." मग तिने पाठवलेलं मी वाचत गेले आणि माझं मत थोडं बदललं.

तिथे युद्धात गेलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला 'गोल्ड स्टार' कुटुंब म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ज्या घरचा मुलगा लढाईवर असेल त्या घराच्या खिडकीत निळ्या ताऱ्याचा छोटा झेंडा लावत. तो परत आला नाही, तर निळ्या ताऱ्याच्या जागी सोनेरी तारा यायचा. रस्त्याने जाणाऱ्याला कुणी न सांगता कळायचं की या घरात काय घडलं आहे. 1928 मध्ये अशा आयांनी एकत्र येऊन आपली संघटनाही काढली.

मोटारसायकली आल्या त्या खूप नंतर. 'अमेरिकन लीजन' ही माजी सैनिकांची जुनी संघटना. तिच्यातल्या मोटारसायकलवाल्यांचा गट 1993 मध्ये मिशिगन राज्यात सुरू झाला. 2006 पासून हे लोक दर वर्षी ऑगस्टच्या सुमारास 'लेगसी रन' काढतात. शेकडो गाड्या काही दिवस राज्याराज्यांतून जातात. वाटेत गावोगावच्या शाखा त्यांना जेवू घालतात, गोळा केलेले पैसे हातात देतात. ते स्मारकांपाशी थांबतात, पुष्पचक्र वाहतात. आणि जमलेला निधी जातो शिष्यवृत्तीला. 11 सप्टेंबर 2001 पासून पुढे सेवेत असताना जे सैनिक गेले त्यांच्या मुलांच्या कॉलेजसाठी ही शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे गंभीर अपंगत्व आलेल्या सैनिकांची मुलंही तिच्यात आली.

मला यातली एक गोष्ट फार पटली. निधी कशासाठी, हे गाडी सुरू करण्याआधी ठरलेलं आहे. वडील गेले तेव्हा पाच वर्षांचं असलेलं मूल अठरा वर्षांचं होईल, तेव्हाही ही मंडळी गाड्या काढून पैसे जमवत असतील, असा त्यात शब्द दिलेला आहे. आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "मग हे शास्त्रदानच की." मुलाच्या हातात पुस्तक देणं म्हणजे दुसरं काय!

आपल्या काही मैत्रिणी विचारतील, आपण अहिंसा मानणारे, सैनिकांच्या गोष्टी कशाला? तर श्रावकासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडायचीच. पण रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी ओळखलं होतं. ते रक्षणाचं ओझं सीमेवर दुसऱ्याच्या मुलाने उचललं, म्हणून मी इथे सूर्यास्तापूर्वी निवांत जेवते. कारगिलमध्ये 527 जवान गेले. त्यांच्या घरी जाताना माझ्या धर्माला कमीपणा येत नाही.

दुसरी शंका माझीच होती. एवढं पेट्रोल जाळायचं कशाला? तेच पैसे गुपचूप देऊन टाकावेत. गुप्तदान श्रेष्ठ, असं लहानपणापासून ऐकलं आहे. पण वहिनींच्या ओट्यापाशी बसल्यावर माझं उत्तर बदललं. दान गुप्त असावं, पण आठवण गुप्त ठेवून चालत नाही. बँकेत जमा झालेले पैसे "तुमच्या माणसाला आम्ही विसरलो नाही" असं म्हणत नाहीत. त्यासाठी कुणीतरी दारात यावंच लागतं. आपल्या सैन्याचंही तसंच. 2024 मध्ये कारगिलला 25 वर्षं झाली, तेव्हा दिनजान, द्वारका आणि धनुषकोडी अशा देशाच्या तीन टोकांहून सैन्याच्या मोटारसायकली निघाल्या आणि दिल्लीमार्गे द्रासला गेल्या. वाटेत वीरनारींना आणि माजी सैनिकांना भेटणं हा त्या मोहिमेचाच भाग होता.

म्हणून माझं मत असं झालं आहे की रॅली जरूर काढा. तरुण मुलाला गाडीवर बसून चांगल्या कामाला जावंसं वाटतं, यात वाईट काय? फक्त ज्यांच्यासाठी जायचं त्या घराच्या बाजूने एकदा विचार करा.

एका दिवसात अकरा घरं उरकण्यापेक्षा तीनच घरं घ्या, पण प्रत्येक ठिकाणी बसा. गल्लीच्या तोंडाशीच गाड्या बंद करा. जाण्याआधी त्या जवानाचं नाव, त्याची पलटण, तो कुठे आणि कसा गेला हे वाचून जा. आणि मग घरच्यांना विचारा, ते कसे होते? फोटो त्यांनी म्हटलं तरच. टी-शर्ट आणि पेट्रोल आपापल्या खिशातून करा, म्हणजे लोकांनी दिलेला रुपया न् रुपया कुटुंबापर्यंत जाईल, आणि त्याचा हिशेब चौकातल्या फळ्यावर लावा. कुटुंबाला हातात पैसे घेणं अवघड वाटत असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला द्या आणि पावती घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या वर्षी परत या. आधी एकदा, अधेमधे, गाडीशिवाय आलात तर आणखी चांगलं. गॅसचा नंबर लावायचा असतो, मुलाचा कॉलेजचा फॉर्म भरायचा असतो, दवाखान्यात सोबत लागते.

हे सगळं मी त्या मुलांपैकी दोघांना घरी बोलावून सांगितलं. ते ऐकून घेतील असं वाटलं नव्हतं. पण ज्याने वहिनींना हसायला सांगितलं होतं, तो मान खाली घालून म्हणाला, "काकू, आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही, तिथं जाऊन काय बोलायचं ते." खरं आहे. मला तरी कुठे माहीत होतं? मी वहिनींना इतकी वर्षं टाळत होते ती याच भीतीने. काय बोलावं कळत नाही, म्हणून जायचंच नाही.

आता कळलं आहे. फार बोलायचं नसतं. त्यांनी केलेला चहा घ्यायचा आणि ऐकायचं.

7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेल. त्या दिवसाची वाट न बघता एकदा जाऊन या, शाल-नारळ काही नको. वेळ मात्र तासाभराचा काढून जा.

जय जिनेंद्र.