अंधुक प्रकाशाचा जमाखर्च

मार्गशीर्षातील निरभ्र रात्री, शहरापासून दूर आणि चंद्र नसताना, आठच्या सुमारास माथ्यापासून किंचित उत्तरेकडे पाहिले, तर शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांच्या दक्षिणेस कापसाच्या बोळ्यासारखा एक पुसट डाग दिसतो. ही देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश येथवर पोहोचण्यास सुमारे २५ लाख वर्षे लागतात. नुसत्या डोळ्यांना दिसतो तो केवळ तिचा तेजस्वी गाभा. तिचा संपूर्ण विस्तार आकाशात सहा पूर्णचंद्र शेजारी शेजारी मांडावेत एवढा आहे. उरलेला भाग दिसत नाही, याचे कारण मनुष्याच्या डोळ्याची हिशेबाची रीत. डोळा क्षणाक्षणाला खाते बंद करतो; मागील बाकी पुढे ओढत नाही. तासभर टक लावून पाहिले तरी पहिल्या काही मिनिटांत जे दिसले त्याहून फारसे अधिक पदरात पडत नाही.

छायाचित्राची काच मात्र बाकी पुढे ओढते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन या हौशी निरीक्षकाने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्यात डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. कॉमन पेशाने स्वच्छता अभियंता होता. त्याच्यामागून या क्षेत्रात आलेला आयझॅक रॉबर्ट्स हा तर व्यापारी गृहस्थ. १८२९ मध्ये वेल्समधील एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो लिव्हरपूलला आला, १८४४ मध्ये उमेदवार म्हणून कामास लागला आणि १८५९ मध्ये त्याने स्वतःचा बांधकामाचा व्यवसाय उभारला. पहिली उल्लेखनीय दुर्बीण, सात इंची भिंगाची, त्याने १८७८ मध्ये घेतली. म्हणजे वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. व्यवसाय स्थिर झाल्यावर छंद जोपासणारे पुष्कळ असतात. छंदाच्या वह्याही दुकानाच्या वह्यांइतक्याच चोख ठेवणारे थोडे. रॉबर्ट्स त्या थोड्यांपैकी होता.

१८८५ मध्ये त्याने डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून २० इंची आरशाची दुर्बीण करवून घेतली आणि लिव्हरपूलजवळील मॅघल येथे ती बसवली. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. दुर्बिणीला त्यांच्या गतीने फिरवणारी यंत्रणा असली तरी ती सूक्ष्म चुका करतेच. त्यामुळे एक तारा मार्गदर्शक म्हणून निवडून, तो भिंगातील तारेच्या फुलीवरून ढळू न देता तासन् तास दुर्बीण सावरत राहावे लागे. २९ डिसेंबर १८८८ च्या रात्री सुमारे चार तास प्रकाश घेऊन त्याने देवयानीचे जे चित्र मिळवले, त्यात धूसर डागाच्या जागी गाभ्याभोवती वळसे घेणारे पट्टे आणि त्यांच्यामधील काळोख्या रेषा स्पष्ट उमटल्या. मोठमोठ्या निरीक्षकांनी डोळ्यांनी पाहून हाताने काढलेली आजवरची चित्रे त्यामुळे एकाएकी जुनी झाली.

या वळशांचा रॉबर्ट्सने लावलेला अर्थ मात्र टिकला नाही. वायूचा मेघ आकसत जाऊन सूर्यमाला कशी जन्मते, ते आपण पाहत आहोत, असे त्याला वाटले. ते वळसे अब्जावधी सूर्यांचे आहेत, हे ठरण्यास ऑक्टोबर १९२३ उजाडावा लागला. एडविन हबल याला माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या चित्रात देवयानीमधील एक रूपविकारी तारा सापडला आणि त्यावरून तिचे अंतर आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ पलीकडचे ठरले. अर्थ बदलला, १८८८ ची काच बदलावी लागली नाही. नोंद खरी असेल तर तिच्यावरचा शेरा पुढे कोणीही दुरुस्त करू शकतो.

आजचा हौशी छायाचित्रकार काचेऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक वापरतो. तो एकच दीर्घ चित्र घेत नाही. काही मिनिटांची शेकडो चित्रे घेऊन संगणकावर त्यांची बेरीज करतो. प्रत्येक चित्रात दीर्घिकेचा प्रकाश ठरावीक ठिकाणी जमा होतो. यादृच्छिक चढउतार, म्हणजे ज्याला खरखर म्हणतात ती, कधी अधिक तर कधी उणी असल्याने बेरजेत बरीचशी फिटते. तथापि येथे व्याजाचा दर कठोर आहे. चार चित्रांनी स्पष्टता दुप्पट होते, शंभर चित्रांनी केवळ दहापट. एका रात्रीच्या कामाची स्पष्टता दुप्पट करायची तर चार रात्री हव्यात. पैसा टाकून मोठी दुर्बीण घेता येते. पण शहराच्या उजेडाने भरलेले आकाश तिलाही सोडत नाही. तो उजेड भाड्यासारखा वजा करता येतो; त्याच्या चढउतारातून येणारी खरखर मात्र वजा होत नाही. म्हणून लहान दुर्बीण आणि काळोखे आकाश हा सौदा पुष्कळदा मोठ्या दुर्बिणीपेक्षा फायद्याचा ठरतो.

शिवाय खर्चाच्या बाजू वेगळ्या लिहाव्या लागतात. दुर्बिणीचे तोंड झाकून तेवढ्याच वेळेची काळी चित्रे घ्यायची, म्हणजे संवेदकाने स्वतःहून किती खोटी जमा दाखवली ते कळते. एकसारख्या उजळ पडद्याची चित्रे घ्यायची, म्हणजे भिंगावरील धुळीचे कण कोठे छाया टाकतात ते कळते. काळ्या चित्रांची वजाबाकी आणि उजळ चित्रांनी भागाकार झाल्यावर जे उरते, ती शिल्लक.

अशा शिल्लकेत काय सापडते, याचे उदाहरण इटलीतील जुझेप्पे डोनातिएल्लो यांचे. दक्षिण इटलीतील पोल्लिनो पर्वतभागातून १२७ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीने घेतलेली देवयानी परिसराची आपली चित्रे २०१६ मध्ये तपासताना त्यांना एका ठिकाणी अगदी फिकट ठिपका आढळला. हा डाग धुळीचा असू शकतो, जवळच्या तेजस्वी ताऱ्याचे प्रतिबिंब असू शकते. बँकेत ज्या रकमेचा धनी ठरत नाही ती उचंत खात्यात टाकतात. या ठिपक्याचे स्थान प्रथम तेच. तो त्यांच्या आधीच्या वर्षांच्या चित्रांतही मिळाला. पुढे ला पाल्मा बेटावरील मोठ्या दुर्बिणींनी त्यातील सुटे तारे टिपले आणि ती सुमारे एक कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली खुजी दीर्घिका असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ती डोनातिएल्लो १ या नावाने ओळखली जाते.

उचंत खाते घाईने मिटवण्याचा मोह येथे फार मोठा असतो. पार्श्वभूमी सपाट करणारे सॉफ्टवेअर थोडे जोरात चालवले, तर दीर्घिकेचे खरे फिकट वलयही पुसले जाते. उलट चित्र रेखीव करण्याच्या नादात जे नव्हते ते वळसे उमटवता येतात, आणि पाहणाऱ्याला ते अधिक आवडतात. स्वयंचलित साधनांमुळे तर ही सोय दोन कळांवर आली आहे. भिंतीवर लावायच्या चित्रात हे चालेल; ज्या चित्राच्या आधारे दुसरा कोणी मोजमाप करणार आहे, त्यात चालणार नाही.

रॉबर्ट्सने आयुष्याच्या उत्तरार्धात हाती घेतलेले काम म्हणूनच त्याच्या प्रसिद्ध चित्रापेक्षा अधिक मोलाचे वाटते. विल्यम हर्शेल याने डोळ्यांनी पाहून आकाशातील ५२ ठिकाणी विस्तीर्ण धूसरता असल्याची नोंद केली होती. ससेक्समधील क्रोबरो येथील नव्या वेधशाळेतून रॉबर्ट्सने त्या सर्व ठिकाणांची छायाचित्रे घेतली. बहुतेक काचांवर ताऱ्यांखेरीज काहीच नव्हते. त्याने तसेच प्रसिद्ध केले. हर्शेलसारख्या थोराच्या नावापुढे शून्य मांडणे सोपे नव्हते, आणि ते सर्वांना पटलेही नाही.

१८९६ च्या सूर्यग्रहणासाठी नॉर्वेला निघालेल्या जहाजावर त्याची डोरोथिया क्लम्पके हिच्याशी ओळख झाली होती. तिने तीन वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये गणितातील डॉक्टरेट मिळवली होती. १९०१ मध्ये त्यांचा विवाह झाला. तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता. १९०४ मध्ये तो गेला. काचा तिच्याकडे आल्या. त्या ५२ ठिकाणांचा चित्रसंग्रह तिने पुढे पतीच्या नावाने छापून प्रसिद्ध केला, तो १९२९ मध्ये. रॉबर्ट्सच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनी.