आधी कमवून दाखव!

"आधी काही कमवून दाखव, मग बोल!" हे वाक्य ऐकले नाही असा एकही जण आमच्या वर्गात सापडायचा नाही. बक्षीस कमवावे लागते, हे मला मान्य आहे. जो धावलाच नाही त्याला ढाल कशाला? पण आपले म्हणणे कुणी ऐकून घ्यावे, हेही का बक्षीस आहे?

वडीलधारी मंडळी हटकून शिवरायांचा दाखला देतात. सोळाव्या वर्षी त्यांनी तोरणा घेतला, आणि तुम्ही? दाखला चांगलाच आहे, पण तो अर्धा सांगितला जातो. तोरण्याआधी त्यांच्या नावावर कोणता गड होता? तरी जिजाऊंनी विश्वास टाकला, मावळातली माणसे बरोबर निघाली. विश्वास आधी मिळाला, पराक्रम मागाहून झाला.

मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती १९८९ साली अमलात आली. मत देताना कुणी मिळकत विचारत नाही. घरात मात्र विचारतात.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे वाटणीची बैठक बसली. वडील नाहीत, म्हणून त्यांच्या हिश्शाचे वारस आई आणि मी. अण्णांचा, म्हणजे थोरल्या चुलत्यांचा, चष्मा सापडेना, तेव्हा सातबारा मीच वाचून दाखवला. तोवर मी शहाणा होतो. मग मी विचारले, "अण्णा, विहीर सामाईक धरलीय, पण पाण्याची पाळी कुठंच लिहिली नाही. आमचा वार कोणता?"

बैठक गप्प झाली. "चार पैसे कमवून आण, मग पाण्याचं बोल," अण्णा म्हणाले आणि त्याच दमात कागद पुढे सरकवला, "हं, इथं सही कर. एकोणीस पुरी झाली ना तुला? सही लागते."

सहीपुरता मोठा, बोलण्यापुरता लहान!

अण्णांवर माझा राग नाही. आजोबांनी त्यांनाही चाळिशीपर्यंत तोंड उघडू दिले नव्हते. ती थकबाकी ते माझ्याकडून वसूल करीत असावेत.

सही मी अजून केलेली नाही. माझी नाही म्हणून आईचीही नाही. पाळीची एक ओळ कागदात घाला, एवढेच आमचे मागणे आहे. कॉलेजात जाऊन पोरगं शेफारलं, असे अण्णा गावभर सांगतात. कागद देवघराच्या फळीवर पडून आहे, आणि उन्हाळा जवळ आल्याने विहिरीचे पाणी खाली चालले आहे.