पत्र्याच्या मशिदीतली बंगाली पोथी

ब्रोकन हिल हे ऑस्ट्रेलियातलं खाणींचं गाव. न्यू साउथ वेल्स राज्यात असलं तरी सिडनीपासून हजार किलोमीटरहून लांब, लाल मातीच्या वाळवंटाला टेकलेलं. गावातली घड्याळंसुद्धा सिडनीची वेळ दाखवत नाहीत, शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाची दाखवतात. 1883 मध्ये चार्ल्स रास्प नावाच्या, मेंढ्यांच्या कुरणाच्या कुंपणावर राखणीला असलेल्या माणसाला इथल्या टेकडीत धातूचा सुगावा लागला आणि दोनच वर्षांत इथे एक कंपनी उभी राहिली. आज जगभर ‘बीएचपी’ म्हणून ओळखली जाते ती हीच. तिच्या नावातली पहिली दोन अक्षरं या गावाची आहेत. आता गावात सतरा-अठरा हजार माणसं राहतात.

या गावाच्या कडेला, जिथे एके काळी उंटांचा तळ होता तिथे, पन्हळी पत्र्याची एक छोटी मशीद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंटवाल्यांनी ती बांधली. रेल्वे आणि मोटारी पोचण्याआधी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली लोकर, धान्य, खाणींची यंत्रं, तारायंत्राचे खांब हे सगळं उंटांच्या पाठीवरून गेलं, आणि ते उंट हाकणारी माणसं कराचीच्या बंदरातून आली होती. ऑस्ट्रेलियात सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. प्रत्यक्षात त्यांत पंजाबी होते, बलुची होते, सिंधी होते, पठाण होते. आता ही मशीद गावातलं इतिहास मंडळ संग्रहालय म्हणून सांभाळतं.

मशिदीत एक जाडजूड जुनं पुस्तक होतं आणि त्याची नोंद ‘पवित्र कुराण’ अशी होती. पुस्तक जुनं, लिपी अनोळखी, जागा मशिदीची. तेव्हा कुराणच असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. सामिया खातून ही बांगलादेशात जन्मलेली ऑस्ट्रेलियन इतिहासकार तिथे गेली, तिने पान उघडलं आणि तिला अक्षरं वाचता आली. ती अक्षरं बंगाली होती. ते कुराण नव्हतंच. ‘कासासुल आंबिया’ म्हणजे प्रेषितांच्या कथांची, कोलकात्यात छापलेली, मोठ्याने गाऊन ऐकवायची पाचेकशे पानांची काव्यमय पोथी होती ती. बंगालच्या छापखान्यातून निघालेलं पुस्तक वाळवंटातल्या खाणीच्या गावात कोणी आणलं, कोणी कोणाला वाचून दाखवलं, या प्रश्नांमागे जात खातून यांनी ‘ऑस्ट्रेलियानामा’ हा ग्रंथ लिहिला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रसंगात इतिहास मंडळाला बोल लावण्यासारखं काही नाही. त्यांनी पुस्तक टाकून दिलं नाही, जपलं. त्यांच्याकडे फक्त एक वाचक नव्हता. गावाच्या इतिहासाची अडचण बहुतेक वेळा हीच असते. वस्तू गावात असते, आणि ती ओळखू शकणारा माणूस हजारो मैलांवर कुठेतरी आपल्या कामात असतो. या दोघांची गाठ योगायोगावर सोडायची की ती पडण्याची सोय करायची, एवढाच प्रश्न आहे. गावाचा इतिहास ऑनलाइन आणण्याचं खरं कारण हे आहे. कागद टिकतो हा त्याचा अर्धाच फायदा.

ऑस्ट्रेलियाने ही सोय मोठ्या प्रमाणावर केली. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रं लोकांसाठी इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली ती 2008 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ‘ट्रोव्ह’ हे त्यांचं शोधसंकेतस्थळ उभं राहिलं. 1803 मध्ये निघालेल्या ‘सिडनी गॅझेट’पासून पार आडगावच्या साप्ताहिकांपर्यंत हजाराहून अधिक नियतकालिकं त्यावर मोफत वाचता येतात. ब्रोकन हिलचं ‘बॅरियर मायनर’ही त्यात आहे, 1888 पासूनचं. ही लहान गावांची पत्रं राजधानीत कोणीतरी ठरवलं म्हणून आपोआप आली नाहीत. बऱ्याच ठिकाणी गावच्या इतिहास मंडळाने, नगरपरिषदेने किंवा वाचनालयाने पैसे उभे केले आणि राष्ट्रीय ग्रंथालयाने मायक्रोफिल्मवरून प्रती काढण्याचं, त्यांतला मजकूर यंत्राकडून वाचून घेण्याचं काम केलं. गावाचा वाटा आणि देशाचं यंत्र, अशी ती भागीदारी आहे.

यंत्राचं वाचन मात्र कच्चं असतं. जुन्या छपाईत शाई पसरलेली असते, खिळे झिजलेले असतात, घडीवर ओळ तुटलेली असते. मग यंत्र भलतंच काहीतरी वाचतं. ट्रोव्हने इथे जो निर्णय घेतला तो फार मोलाचा ठरला. दुरुस्तीचं काम त्यांनी वाचकांच्या हाती सोपवलं. पडद्यावर एका बाजूला वर्तमानपत्राचं मूळ पान दिसतं, दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर, ओळीखाली ओळ. एखादं आडनाव चुकलेलं दिसलं की त्या ओळीवर जायचं, अक्षर बदलायचं, जतन करायचं. कोणाची परवानगी नाही, तपासनीसाची वाट पाहणं नाही. दुरुस्त झालेली ओळ लगेच शोधात सापडू लागते. लोक चुकीचं लिहितील, खोडसाळपणा करतील अशी भीती कोणालाही वाटली असती. घडलं ते असं, की निवृत्त शिक्षक, आपल्या घराण्याची वंशावळ शोधणारे, आजारपणात घरी बसलेले लोक रोज तास-दोन तास हे काम करू लागले. कोट्यवधी ओळी अशा हातांनी सुधारल्या गेल्या आहेत.

जुनी पानं अशी सगळ्यांना वाचता आल्याने काय होतं, ते पुन्हा ब्रोकन हिलमध्येच पाहता येईल. 1 जानेवारी 1915 रोजी गावातून सिल्व्हर्टनला सहलीला निघालेल्या रेल्वेवर दोन माणसांनी गोळीबार केला. चार नागरिक मारले गेले आणि पाठोपाठ चकमकीत ते दोघेही. त्यांनी तुर्की निशाण फडकवलं होतं, महायुद्ध सुरू झालेलं होतं. त्यामुळे कित्येक वर्षं ‘तुर्कांचा हल्ला’ हेच त्या घटनेचं नाव राहिलं. पण हे दोघे तुर्क नव्हते, आपल्याच उपखंडाच्या वायव्येकडून आलेले होते. गुल महंमद आइस्क्रीमची गाडी चालवायचा. मुल्ला अब्दुल्ला उंटवाल्यांच्या तळावरचा धर्मगुरू आणि खाटीक. विनापरवाना जागी जनावर कापल्याबद्दल त्याला नुकताच दंड झाला होता. त्या रात्री जमावाने गावातला जर्मन क्लब जाळला आणि मोर्चा उंटवाल्यांच्या तळाकडे वळवला. तो वाटेत अडवला गेला म्हणून अनर्थ टळला. यातलं काहीही निरपराधांच्या हत्येचं समर्थन करत नाही. पण आगेमागे काय घडलं हे जुन्या पानांतून कोणालाही वाचता येतं, तेव्हा गावाला आपल्याच इतिहासातला सर्वांत वाईट दिवस एका शब्दात गुंडाळून ठेवावा लागत नाही.

ही सगळी व्यवस्था कायमची आहे असं कोणी समजू नये. 2016 मध्ये ग्रंथालयाच्या निधीला कात्री लागली आणि ट्रोव्हच्या बाजूने लोकांनी समाजमाध्यमांवर मोहीम उघडली. 2023 च्या जूनअखेर पैसे संपणार होते आणि पुढे काय याचं उत्तर नव्हतं. पुन्हा ओरड झाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी 3 कोटी 30 लाख डॉलर आणि त्यापुढे दरवर्षी 92 लाख डॉलर देण्याचं जाहीर केलं. यातला ‘दरवर्षी’ हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा आहे. आपल्याकडे अशा कामाला प्रकल्प म्हणतात, प्रकल्पाला मुदत असते, उद्घाटन असतं आणि दोन वर्षांनी संकेतस्थळ उघडायला जावं तर ते उघडत नाही. नळाच्या पाण्यासाठी दरवर्षी तरतूद लागते तशीच या कामालाही लागते, हे तिथल्या लोकांनी सरकारच्या गळी उतरवलं.

आणि पाण्यावरून आठवतं. 28 फेब्रुवारी 2022 रोजी न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाकडच्या लिस्मोर गावात विल्सन्स नदी 14.4 मीटरपर्यंत चढली. त्याआधीच्या सर्वांत मोठ्या पुरांपेक्षा ही पातळी तब्बल दोन मीटरने जास्त होती. वाचनालयाची हजारो पुस्तकं गेली. ‘कूरी मेल’ या आदिवासींच्या मालकीच्या पाक्षिकाची कचेरी पाण्याखाली गेली. तरी त्याच इमारतीतून त्यांनी पूरग्रस्तांसाठी मदत केंद्र चालवलं. कचेरीतलं सामान वाहून गेलं, पण 1991 पासूनचे जुने अंक कॅनबेरातल्या आदिवासी अभ्यास संस्थेने आधीच स्कॅन करून ठेवले होते. लिस्मोरच्या ‘नॉर्दर्न स्टार’ची जुनी पानं ट्रोव्हवर होती, 1954 च्या महापुराच्या बातम्यांसकट. कोणत्या गल्लीत तेव्हा पाणी कुठवर आलं होतं हे त्या पानांत वाचता येतं. घर कुठे बांधायचं हे ठरवणाऱ्याला अशा माहितीची किंमत वेगळी सांगायला नको.

त्याआधी सातच महिने, 2021 च्या जुलैत, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं होतं. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं. 2005 च्या पुरात त्याने मार खाल्ला होता, आणि पुन्हा तेच झालं. ज्यांनी भिजलेली पुस्तकं उन्हात पसरलेली पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे, की आर्ट पेपर एकदा चिकटला की पानं सुटत नाहीत, आणि साध्या कागदाचा लगदा होतो. नवी पुस्तकं देणगीतून पुन्हा येतात. गावातल्या साप्ताहिकाचा एकमेव बांधीव खंड मात्र बाजारात कुठेही मिळत नाही.

महाराष्ट्रात असा ठेवा थोडाथोडका नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये अहमदनगरहून निघालं, मुंबईहून नव्हे. तालुक्यातालुक्यांत साप्ताहिकं निघाली, बंद पडली, आणि त्यांचे गठ्ठे कुठल्यातरी वाचनालयाच्या वरच्या फडताळात राहिले. इतिहासकार राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं सोडवून 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला. त्या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण राजवाड्यांनी कागद शोधले ते प्रामुख्याने राज्यकारभाराचे. गावातली पहिली मुलींची शाळा कोणी उघडली, प्लेगमध्ये कोणती आळी ओस पडली, गिरणीचा भोंगा पहिल्यांदा कधी वाजला, हे सांगणारी साधनं म्हणजे ही साप्ताहिकं आहेत, आणि त्यांच्या वाट्याला राजवाडे आलेले नाहीत.

काही ग्रंथालयांनी स्कॅनिंग केलं आहे आणि ते करणाऱ्यांचे कष्ट मोठे आहेत. पण स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसतं छायाचित्र. हजार पानांच्या पीडीएफमध्ये पणजोबांचं नाव शोधायचं तर हजार पानं उलटावीच लागतात. मजकूर अक्षरांत उतरला तरच तो शोधात सापडतो, आणि देवनागरीत यंत्राचा घोळ इंग्रजीपेक्षा मोठा असतो. जुन्या टाइपातला ‘ख’ त्याला ‘रव’ दिसतो, जोडाक्षरं फुटतात, जुन्या वळणाचा ‘ण’ ओळखू येत नाही. म्हणजे दुरुस्ती करणारी माणसं आपल्याला जास्तच लागणार. ती आहेत. मराठी विकिस्रोतावर मूळ पान आणि मजकूर शेजारी शेजारी ठेवून दुरुस्त करण्याची सोय आहे; तपासणी झाली की पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्या माणसाने पडताळलं की हिरवी. मेलबर्न-सिडनीच्या मराठी घरांतले, नातवंडांसाठी सहा महिने येऊन राहिलेले आजी-आजोबा दुपारी चार ओळी सुधारू शकतात. त्यांना आपल्या तालुक्यातली आडनावं आणि वाड्यांची नावं कोणत्याही यंत्रापेक्षा चांगली ठाऊक असतात.

मात्र सगळंच सगळ्यांपुढे मांडायचं, असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी टेनंट क्रीक नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या वारुमुंगू या आदिवासी लोकांची छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं परत येऊ लागली तेव्हा त्यांनी सांगितलं, की काही विधी फक्त स्त्रियांनी पाहायचे, काही फक्त पुरुषांनी, आणि मृतांचे फोटो असे उघडे ठेवायचे नाहीत. या अटी सांभाळणारी ‘मुकुर्तू’ ही संगणक प्रणाली त्यांच्याबरोबर बसून तयार झाली, आणि आता ती इतर देशांतले समाजही वापरतात. त्यांच्या भाषेत मुकुर्तू म्हणजे वस्तू जपून ठेवायची विणलेली झोळी. आपल्याकडच्या जुन्या कागदांत जातीवाचक शिव्या आहेत, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची नावनिशीवार वर्णनं आहेत. ती नष्ट करू नयेत. पण ज्यांच्या पूर्वजांबद्दल ती लिहिली गेली त्यांना विचारल्याशिवाय ऑनलाइन आणूही नयेत. हे विचारणं कामाच्या सुरुवातीला व्हायला हवं, तक्रार आल्यावर नव्हे.

कायद्याचा अडसर मानला जातो तेवढा नाही. ट्रोव्हवरची बहुतेक पत्रं 1954 पाशी थांबतात, कारण तिथला स्वामित्वहक्काचा कायदा तसा आहे. भारतात लेखकाच्या नावाविना छापलेल्या मजकुराचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. एकोणिसाव्या शतकातलं साप्ताहिक आज कोणीही स्कॅन करावं, चढवावं.

अडसर आहे तो कागदाचा. त्या काळातला स्वस्त कागद आम्लामुळे करपत जातो, आधी कडा तपकिरी होतात, मग घडीवर तुटतो. असा खंड उघडला की टेबलावर चुरा पडतो, आणि त्या चुऱ्यात कधी कधी अर्धं अक्षर असतं. पान उलटताना ते खालून आधार देऊनच उलटावं लागतं आणि कदाचित ते तेवढं एकदाच उलटता येतं. ते उलटताना वर कॅमेरा लावलेला असला पाहिजे. एका तालुक्याने एका साप्ताहिकाचं एक वर्ष घ्यावं, बावन्न अंक, प्रत्येकी चार किंवा आठ पानं. एवढं काम दोन कार्यकर्ते आणि एक चांगला मोबाइल घेऊन पावसाळ्याआधी करता येतं.