पक्षाघात : आधी घड्याळ पाहा

'अंगावरून वारे गेले' म्हणत तेल चोळत बसण्याचे दिवस संपले, असे मी रुग्णांना नेहमी सांगतो. पक्षाघातात मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने तुंबली, की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हा यावर खात्रीचा इलाज नव्हता. १९९५ मध्ये गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा गुण सिद्ध झाला. ते आज साडेचार तासांच्या आत देतात. २०१८ च्या संशोधनानंतर निवडक रुग्णांची गुठळी नळी घालून २४ तासांपर्यंतही काढली जाते.

२०२४ मध्ये अटल सेतू झाला, मुंबई जवळ आली. पण नुसत्या रस्त्याने काय होणार? माझ्या मते हे नवे ज्ञान डॉक्टरांच्या परिषदांतच राहू नये. उरणचे फॅमिली डॉक्टर, बंदरातील प्रथमोपचार करणारे आणि रुग्णवाहिकांचे चालक यांची दरवर्षी उजळणी व्हावी.

वाचकहो, अचानक तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा जीभ जड झाली, तर आधी घड्याळ पाहा. १०८ ला फोन करा, सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. स्कॅनपूर्वी ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव असल्यास घात होईल.