उडत्या तबकडीचे छायाचित्र आणि लष्करी चौकशी: पहिला प्रश्न कोणता?

१/ २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या आकाशातून पेटत्या ठिणग्यांची एक रांग सरकत गेली. इकडे केजमध्ये आमच्या मोबाईलवर थोड्याच वेळात चित्रफिती येऊ लागल्या, आणि त्यांच्यासोबत तयार निष्कर्षही: उल्का, क्षेपणास्त्र, परग्रहावरचे यान! त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. तज्ज्ञांच्या मते ते चिनी अग्निबाणाचे अवशेष होते.

२/ म्हणजे चित्रफिती खऱ्या होत्या, लावलेले अर्थ चुकले होते. आता याच्या उलट प्रकार पाहू. चित्रच बनावट, आणि त्याला शास्त्रीय अर्थ देणारे खुद्द सरकारी खाते!

३/ फेब्रुवारी १९६२. इंग्लंडमधील शेफिल्डजवळच्या मॉसबरो गावात अलेक्स बर्च या चौदा वर्षांच्या मुलाने साध्या कॅमेऱ्याने एक छायाचित्र काढले. त्यात पाच तबकड्या दिसत होत्या. वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने मुलाला लंडनला बोलावून त्याची विचारपूस केली.

४/ अधिकाऱ्यांनी परग्रहवासीयांवर विश्वास ठेवला नाही. पण त्यांनी दिलेले स्पष्टीकरण पाहा: वातावरणातील तापमानाचे उलटे थर आणि त्यांतील बर्फाचे कण. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, बर्चने जाहीर कबुली दिली की तबकड्या काचेवर रंगवल्या होत्या आणि त्या काचेतून छायाचित्र घेतले होते.

५/ माझ्या मते या प्रकरणातील खरा धडा मुलाच्या खोडीत नाही, तो चौकशीच्या क्रमात आहे. 'चित्रात काय आहे?' हा प्रश्न आधी विचारला गेला. 'हे चित्र तयार कसे झाले?' हा प्रश्न मागे पडला. पहिला प्रश्न चुकला की विद्वत्ताही चुकीच्याच दिशेने राबते.

६/ इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. जुनी सनद हाती आली की तिच्यातील मजकुरावर हुरळून जाण्याआधी कागद, शाई, अक्षराचे वळण, शिक्का आणि कालगणना तपासावी लागते. बनावट सनदेतील गावाचे नाव खरे असू शकते. तेवढ्याने सनद खरी ठरत नाही.

७/ माणसांचेही तसेच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगणारा तोतया उभा राहिला. अनेकांनी त्याला मानले, कारण भाऊ परत यावेत ही लोकांच्या मनातील इच्छा होती. अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. इच्छा प्रबळ असली की पुरावा तपासण्याची निकड वाटेनाशी होते.

८/ आता आपल्या लष्कराचे उदाहरण. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात जवानांनी आकाशातील अनोळखी प्रकाशबिंदूंच्या ३२९ नोंदी केल्या. हे चिनी टेहळणी ड्रोन असावेत असा संशय होता. सीमेवर असा संशय किती महागात पडू शकतो, हे सांगायला नको.

९/ लष्कराने बंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेतली. बिंदू केव्हा दिसतो, कोणत्या दिशेला, किती उंचीवर, याच्या नोंदी आकाशाच्या गणिताशी ताडून पाहिल्या गेल्या. उत्तर निघाले: गुरू आणि शुक्र! यात जवानांची थट्टा करण्यासारखे काही नाही. त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे टिपून ठेवले, म्हणूनच सत्य हाती आले.

१०/ काही मित्र म्हणतील, अशा चौकशांवर वेळ का दवडावा? मला हे पटत नाही. हसून सोडून दिलेली अफवा जिवंत राहते. तपासलेली अफवा मात्र पुढच्या पिढीसाठी इतिहासाचे साधन बनते.

११/ उद्या आपल्या तालुक्यात, धनेगावच्या मांजरा धरणावर, तबकडी उतरल्याचे चित्र येईल. आता तर काच रंगवण्याचेही कष्ट नाहीत. संगणकाला एक वाक्य सांगितले की पुरे. ते पुढे पाठवण्याआधी विचारा: मूळ प्रत कोणाकडे आहे? कधी, कोठून, कशाने टिपली? त्या वेळी शुक्र कोठे होता? एवढे विचारून झाल्यावरही उत्तर सापडले नाही, तर 'अज्ञात' म्हणून नोंद करा आणि थांबा. थांबता येणे हीसुद्धा इतिहासकाराची शिस्तच आहे.