कापलेल्या रायफलींचे ‘मूळ रूप’

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करांना नकोशा झालेल्या ली-एनफिल्ड रायफली अमेरिका आणि कॅनडाच्या बाजारात कवडीमोलाने विकल्या गेल्या. शिकाऱ्यांना त्यांचे लष्करी वजन नको होते. त्यांनी पुढचे लाकूड कापले, संगीन अडकविण्याची टोपी काढून टाकली; काहींनी नळी आखूड केली, तर काहींनी दुर्बिणीसाठी पोलादात भोके पाडली. आज गणित नेमके उलटले आहे. अखंड लष्करी रायफलीला भाव आहे, कापलेलीला नाही. साहजिकच अशा रायफलींना पुन्हा मूळ रूप देण्याची हौस तेथे फोफावली आहे.

ज्या रायफलीचे केवळ लाकूड गेले, तिचे पुनरुज्जीवन शक्य असते. सोपे मात्र नसते. १९०७ साली ब्रिटिश लष्करात आलेल्या ‘मार्क तीन’ नमुन्यात पुढचे लाकूड मागील बाजूस पोलादाला घट्ट टेकावे लागते. ते टेकले नाही तर नेम बिघडतो आणि धक्क्याने लाकूडही तडकते. पोलादातील भोके वेल्डिंगने बुजविता येतात, परंतु त्या उष्णतेने पोलादाची मुरवलेली कठीणता जाऊ शकते. गोळी झाडतानाचा दाब पेलणाऱ्या भागावर हौशी हात चालविणे हा शुद्ध अविचार होय.

खरा वाद मात्र सुताराच्या कौशल्याचा नसून सचोटीचा आहे. सुटे भाग मिळतात ते मोडीत काढलेल्या अन्य रायफलींचे. त्यांत बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातील लाकूडही असते. ते फाटू नये म्हणून त्यात बसविलेल्या आडव्या स्क्रूवरून जाणकार ते चटकन ओळखतात. इंग्लंडमध्ये घडलेल्या रायफलीवर असे लाकूड दिसले की संशय येतो. अर्थात, भारतात वापरल्या गेलेल्या इंग्लिश रायफलींना दुरुस्तीत ईशापूरचे लाकूड बसविले जात असे. म्हणजे तेच लाकूड एका रायफलीचा खरा इतिहास सांगते आणि दुसरीचा खोटा. सुट्या भागांवरील जुने क्रमांक घासून जुळणारे नवे ठोकणारे महाभाग या संशयात भरच घालतात. बदललेल्या भागांची नोंद विक्रीच्या वेळी ग्राहकापुढे ठेवणे, ही किमान अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने शिकारीसाठी घडविलेल्या ली-एनफिल्डची गोष्ट तर वेगळीच. ते रूप हाही आता इतिहासच आहे. ते पुसून त्यावर १९१६ चा देखावा उभा करण्यापेक्षा ती रायफल आहे तशीच राहू द्यावी.